पोत्यावरची खूण

माझ्या बुढीचा, म्हणजे बायकोचा, घरात एकच फोटो आहे. भाच्याच्या लग्नात फोटोवाला नवरीच्या मामाचा फोटो काढत होता अन् ही मागून कढीची बादली घेऊन चालली होती, ती त्यात सापडली. ती गेल्यावर मामाला कापून टाकलं अन् हिला मोठी करून भिंतीवर लावली. कपाळाला आठी आहे. बादली जड असेल, नाहीतर मामा आडवा आला असेल. हार घातलेल्या फोटोतल्या बाया हसऱ्या असतात, आमची रागावलेली आहे. मला तशीच बरी वाटते.

हा फोटो मागच्या दसऱ्याच्या आधी काही भल्या माणसांना पाकिटावर छापायचा होता. मी नाही म्हणालो. माझ्या नाहीमुळे वस्तीतल्या बायांचं मोठं काम अडतं की काय, अशी वेळ आली. ते कसं झालं ते लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा सरळ सांगता येतं तेवढंच सांगतो.

आमची वस्ती वाशिम जिल्ह्यात, धनजच्या जवळ. तूर, सोयाबीन, कापूस जसा सगळ्यांचा तसा आमचा. पण शेतातलं काम उरकलं, थंडी पडली की आमच्याकडच्या बाया बिबे फोडायला बसतात. बिबा म्हणजे जंगलातल्या झाडाचं काळं, बोराएवढं फळ. त्याच्या टरफलात तेल असतं. ते अंगाला लागलं की कातडी जळते, फोड येतात, तोंड सुजतं. त्याला आम्ही बिबा उतला म्हणतो. पण टरफलाच्या आत गर असतो, ती गोडंबी. थंडीच्या लाडवात घालतात. शहरातल्या दुकानात ती काजू-बदामाच्या शेजारी बसते. व्यापारी बिब्यांची पोती आणून टाकतो, बाया दगडावर ठेवून हातोडीनं फोडतात, निघालेल्या गोडंबीच्या वजनावर मजुरी. हाताला राख चोळायची, हेच त्यावरचं औषध. माझ्या बुढीची बोटं लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून जी काळी झाली ती शेवटपर्यंत काळी होती.

अन् एक नेम आहे. फोडायला बसलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘काळं’ म्हणायचं. बुढी म्हणायची, “नाव घेतलं का त्याले वाटते आपल्याले बोलावलं. मंग थे अंगावर येते.” काम संपवून, हातपाय धुऊन, आंघोळ करून काय म्हणायचं ते म्हणा. बसल्या जागी कोणी चुकून बोललीच तर बाकीच्या तिच्यावर राख उडवत. मी हसायचो. पण मीसुद्धा तिथून जाताना कधी नाव घेतलं नाही.

आमची सून लग्न होऊन आली तो पहिलाच हिवाळा. सासूच्या शेजारी राख चोळून बसली. दोन-चार दिवसांत तिचं तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात. बुढी तिला खोबऱ्याचं तेल लावत बसायची अन् मला म्हणायची, “हे पोरगी माह्या घरात आंधळी होईन. तिच्या मायला काय सांगू मी?” मी म्हणालो, मग नको बसवू तिला. तर आतून सून बोलली, डोळे मिटलेलेच, “मामाजी, सगळ्या जणी बसतीन अन् मी काय कोंबड्या हाकू?”

मुलगा ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. घरात या दोघीच. दोघींचं सूत जे जमलं ते तिथून जमलं.

बुढी कारंज्याला गेली. तिथं एक मिस्त्री आहे, खिडक्यांच्या जाळ्या अन् फाटकं बनवतो. आमच्या घराचं फाटक त्याचंच. ही जाऊन त्याला म्हणाली, “मिस्त्री, असा डबा पाह्यजे का आत काळं फुटलं पाह्यजे अन् बाहेर थेंब नाई आला पाह्यजे.”

मिस्त्री हसला. “भाभी, मैं लोहार हूँ. जादूगर गाँव के बाहर तंबू में बैठा है.”

“मंग त्याले बोलाव. दोघं मिळून करा.”

तो हिवाळा अन् पुढचा अर्धा हिवाळा ती त्याच्या दुकानात जात होती. तेलाचा रिकामा डबा, हातपंपासारखी दांडी, आत लोखंडी जबडा. वरून नळीतून बिबा टाकायचा, दांडी दाबायची, टरफल फुटून गर अन् चोथा खालच्या ताटलीत. उडणारं तेल डब्याच्या आतच राहतं अन् ओघळून वाटीत जमतं. समोरून दिसायला पाहिजे म्हणून मिस्त्रीनं जुन्या मोटारसायकलच्या दिव्याची काच बसवली. पहिल्या डब्यात गोडंबीचा पार चुरा व्हायचा. दुसऱ्याची दांडी एवढी जड की माझ्या बुढीला लटकावं लागायचं. बाया पाहायला यायच्या अन् म्हणायच्या, “बुढी झोका खेळून राह्यली.” तिसरा जमला. सुनेनं त्यावर पहिल्या दिवशी फोडलं अन् संध्याकाळी आरशात तोंड पाहिलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. काही नाही. त्या दिवशी घरात साखरेचा शिरा झाला.

मग बुढीनं दुसरी गोष्ट काढली. व्यापाऱ्याला गोडंबी द्यायची कशाला? आपणच विकू. बायांचा बचत गट होताच. पोहरादेवीच्या यात्रेत तिनं अन् सुनेनं चादर अंथरून गोडंबीच्या पुड्या मांडल्या. गेल्या तशा आल्या नाहीत, सगळ्या पुड्या विकून रिकाम्या हातानं आल्या. पण डबा एक अन् बाया वस्तीभर. पाळीपाळीनं दांडी दाबायची. ज्यांची पाळी नाही त्या दगडावरच. बुढी म्हणायची, “पह्यले सगळ्याइचे हात वाचले पाह्यजे. बाजार मंग पाहू.”

ती गेली पावसाळ्यात, काविळीनं. बिब्यानं नाही. लोक विचारतात म्हणून सांगून टाकतो.

तिची एक सवय सांगायची राहिली, ती पुढं लागणार आहे. पोत्यांची सरमिसळ होते म्हणून ती आपल्या पोत्यावर खूण करायची. बिब्याचं तेल अन् चुना, काडीनं. दोन उभ्या रेघा अन् खाली एक टिंब. परीट लोक कपड्यावर अशीच खूण करत असत, ती कधी जात नाही. पोत्यावर करता करता तिनं पायलीवर केली, दोराच्या खाटेवर केली, माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर केली. मी म्हणालो, दुपट्ट्याला कशाला, अन् याचा अर्थ काय? म्हणाली, “अर्थ कायले पाह्यजे? कुठं लग्नात इसरून आले तर लोकं आनून देतीन. तुमच्यावर बी करून ठेवाव म्हनतो.” टोमणा मारल्याशिवाय बोलायची सवय तिला कधीच नव्हती.

ती गेल्यावर तो दुपट्टा मी साबणाला लावला नाही. नुसता पाण्यातून काढायचा अन् वाळत घालायचा. मला ठाऊक आहे ती खूण साबणानं जात नसते. तरी. सून एक-दोनदा बोलली, “मामाजी, त्याचा वास येऊन राह्यला.” मी म्हणालो, येऊ दे.

गट सुनेनं हातात घेतला. ती बारावी झालेली आहे, मोबाईलवर सगळं पाहते. नव्या धंद्यांना हात देणारं एक केंद्र वाशिमला आहे, तिथं तिनं डब्याचा फोटो पाठवला. त्यांना आवडला. त्यांनी सांगितलं, पैसा घालणारी माणसं येणार आहेत, त्यांच्यापुढं उभं राहून तुमचं काम सांगा. पटलं तर ते डब्यांसाठी भांडवल देतील. मिस्त्री म्हणाला, “दसऱ्याच्या आत लोखंड आलं तर थंडीच्या आत डबे देतो. उशीर झाला तर मला सांगू नका.” म्हणजे गोष्ट एवढीच होती. त्या दिवशी होकार आला तर प्रत्येक बाईला डबा. नाही आला तर आणखी एक हिवाळा राख अन् दगड.

केंद्रानं एक पोरगी पाठवली. शहरातली, चष्मेवाली, बूट घालून आलेली. तिचं कामच हे, की आपला धंदा दुसऱ्याला सांगायचा कसा ते शिकवायचं. मला पहिल्यांदा पटलं नाही. सांगायला तोंड लागतं, ते सगळ्यांना असतं. पण पोरगी चांगली होती. आल्या आल्या पाणी मागितलं, भाकर खाल्ली, ठेच्यानं रडली अन् परत ठेचा मागितला. बायांना तिथंच आवडली.

तिला एक लहान फिल्म काढायची होती. बाया काम करताना दाखवायच्या अन् त्यांच्याच तोंडून काम सांगायचं. मागच्या हंगामातलं एक पोतं राखून ठेवलं होतं, ते काढलं. पडवीत बाया बसल्या, डबा मधे. पोरीनं मोबाईल काठीवर लावला. आमच्या शेजारच्या काकूला, वस्तीतल्या सगळ्यात बोलक्या बाईला, तिनं विचारलं, “मावशी, तुम्ही इथे काय फोडता?”

“काळं.”

“म्हणजे काय?”

“काळं म्हंजे काळं.”

“त्याचं नाव सांगा ना. पाहणाऱ्यांना कळायला पाहिजे.”

काकूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. “थेच, बाप्पा. तुमी वळखता.”

पोरीला वाटलं बाई लाजली. दुसरीला विचारलं. दुसरी म्हणाली, “हिनं सांगतलं ना.” तिसरी पदर तोंडाला लावून हसायला लागली. पोरगी बिचारी घामाघूम. मग काकूलाच तिची कीव आली. म्हणाली, “बाई, असं कर. आज काम बंद करतो. मी आंघोळ करून येतो, मंग पाह्यजे तितक्या बार नाव सांगतो तुले.”

“पण मला काम करतानाच हवंय!”

“काम करताना नाई सांगता येत.”

“का?”

“थे आयकते ना!”

मी कोपऱ्यात खाटेवर होतो. हसू आवरत नव्हतं. बुढी गेल्यावर पहिल्यांदा त्या पडवीत मी हसलो असेन. चूक आमचीच. पोरीला कामाच्या वेळी बोलावलं, अन् कामाच्या वेळी आमच्याकडच्या बाया आपल्या मालाचं नाव घेत नाहीत, हे कोणाच्या लक्षातच नाही आलं. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

शेवटी सून पुढं झाली. डब्यासमोर बसली, दांडी हातात घेतली अन् मोबाईलकडं पाहून मोठ्यानं म्हणाली, “आमी बिबे फोडतो.” बायांनी अशी ओरड केली की कुत्रं पळालं. काकूनं मूठभर राख तिच्या डोक्यावर टाकली. सून राखेसकट बोलत राहिली. मधेच पोरगी म्हणाली की समोरच्या काचेवर उजेड चमकतो, काच काढता का? सुनेनं काच काढली, तसंच चार-पाच बिबे फोडून दाखवले.

पोरीनं फिल्म पाहिली. चेहरा पडला. म्हणाली, “ताई चांगलं बोलल्या. पण एकच माणूस बोलतो, बाकी सगळ्या तोंड लपवतात. लोकांना कोणाची तरी गोष्ट लागते, एक चेहरा लागतो.” तेवढ्यात तिला भिंतीवरचा फोटो दिसला. “या कोण?”

सुनेनं सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. पोरीनं चष्मा काढून पुसला अन् माझ्याजवळ येऊन खाली बसली. “काका, हाच चेहरा. पाकिटावर यांचा फोटो, मागे दोन ओळीत त्यांची गोष्ट. दहा पाकिटांत हे एकच उचललं जाईल. मी खरं सांगते.”

मी म्हणालो, “नाही.”

“तुम्ही विचार करा, उद्या सांगा.”

“उद्याबी नाही. पाकीट फोडून लोकं काय करतात? फेकतात. यात्रेत पाहिलं मी. गोडंबी खाल्ली, पुडी पायाखाली. माझ्या बुढीच्या तोंडावर पाय पडलेला मला नाही पाहायचा.”

 पोरीच्या मनात वाईट नव्हतं, ते मला कळत होतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, उठली अन् कारंज्याला मुक्कामाला गेली.

 रात्री सुनेनं जेवायला वाढलं ते ताट आपटून. मग तिच्यानं राहवलं नाही. सासूला ती आत्याबाई म्हणायची. “मामाजी, आत्याबाई असत्या त काय म्हनल्या असत्या?”

“शिवी दिली असती. तुले बी अन् मले बी.”

“अन् डबे नाई झाले त? काकू ह्या वर्षी बी दगडावर बसन. तिच्या हाताची कातडी पाह्यली तुमी?”

“पाह्यली. फोटो नाही देणार.”

ती आत गेली. मी चूक होतो असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही. पण काकूचे हात मला रोज दिसतात. माझ्या घरातले तसेच हात आता दिसत नाहीत, म्हणून तिचे जास्त दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून बाहेर आली तर उजवा डोळा सुजलेला, पापणी टमाट्यासारखी. काकूनं कुंपणावरूनच पाहिलं.

“घे! घेतलं नाव? आलं ना थे!”

“काकू, काच काढली होती म्हून झालं.”

“काचीचं नाव काळं हाये का?”

मिस्त्री दुपारी दांडीला तेल देऊन जायला आला होता, त्यानं काचेची बाजू घेतली. बायांनी नावाची घेतली. आजपर्यंत तो निकाल लागलेला नाही. मी खोबऱ्याचं तेल आणून दिलं. ते कुठल्या कोनाड्यात असतं ते मला माहीत होतं.

मिस्त्री जाताना माझ्यापाशी बसला. मी म्हणालो, “तूबी सांग, फोटो दे म्हणून.”

तो म्हणाला, “मैं क्यों बोलूँ? भाभीनं माझ्या दुकानात दोन हिवाळे माझं डोकं खाल्लं. कधी म्हणाली नाही की हे मी केलं. म्हणायची, डबा नीट कर. बस.” मग उठता उठता म्हणाला, “पर भाऊ, लोखंड सांगून ठेवलंय. कुछ तो करना पड़ेगा.”

त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही बसनं वाशिमला गेलो. सून, काकू अन् मी. माझं तिथं काय काम होतं? सून म्हणाली, चला. एवढंच म्हणाली. डोळा अर्धा बंद, त्यावर तेल, अंगावर नवं लुगडं नाही, साधं पातळ. काकू बसमध्ये सगळ्यांना सांगत होती की आमी मीटिंगले चाललो.

मोठं सभागृह. पंखे गार. आमच्या आधी एक पोरगा हळदीच्या मशीनचं सांगत होता, फाडफाड बोलला, मला निम्मं समजलं नाही. समोर पैसा घालणारी चार-पाच माणसं. त्यात एक माणूस माझ्याच वयाचा, नागपूरकडचा, सुक्या मेव्याचा मोठा व्यापार. तो बाकीच्यांपेक्षा कमी बोलायचा.

सून उभी राहिली.  पहिलंच वाक्य ती बोलली, “आमी बिबे फोडतो. इथं फोडत नाई, म्हून नाव घेता येते.” काकू खुदकन हसली. मग सुनेनं नाव न घेण्याचं सगळं सांगितलं, फिल्म दाखवली, बाया तोंड लपवताना, काकू आंघोळीला निघालेली. सभागृह हसलं, चांगलं हसलं, टिंगल नव्हती. मग ती म्हणाली, “मी नाव घेतलं अन् काच काढली. हे पाहा काय झालं.” अन् सुजलेला डोळा त्यांच्याकडं केला. “दगडावर फोडलं का रोज कोनाचं ना कोनाचं असं होते. डब्यात फोडलं का होत नाई.”

मग कोणी हसलं नाही.

नागपूरवाल्यानं विचारलं, “बाई, हाताची दांडी कशाला? मोटार लावा. एक जण बसली तर ढीग पडेल.”

“मंग बाकीच्या कुठं जातीन, साहेब?”

“धंदा वाढवायचा म्हणजे तेच असतं.”

“वाढाचं हाये आमाले,” सून म्हणाली. “पण आडवं वाढाचं हाये, भोपयाच्या येलावानी. एका गावात मोठं मशीन नाई, गावोगाव लहान डबे. जे गाव डबा घेईन थे आपली गोडंबी आमच्याच पाकिटात देईन.”

त्यानं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. “ठीक आहे. पण उद्या दुसरा कोणी अशीच पाकिटं काढेल. लोकांनी तुमचं कसं ओळखायचं?”

मी दिला असता तर इथं तो फोटो यायचा होता. मला माहीत होतं. माझी मान खाली गेली. चष्मेवाल्या पोरीनं बटण दाबलं अन् सगळे भिंतीवरच्या पडद्याकडं पाहायला लागले. मी उशिरा पाहिलं.

दोन उभ्या रेघा अन् खाली एक टिंब. भिंतीएवढ्या.

सून बोलत होती. “माह्या सासूबाई आपल्या पोत्यावर हे खूण करत. त्याइले लिहिता येत नव्हतं. कोनाचं पोतं कोनाचं म्हून भांडन नोको, म्हून केली. ज्याच्यावर हे हाये थे आमचं.”

 दुपट्टा खांद्यावर होता, त्याचा कोपरा मी मुठीत धरून ठेवला. काकूनं माझ्याकडं पाहिलं अन् लगेच दुसरीकडं पाहिलं. चांगली बाई आहे.

नागपूरवाला पडद्याकडं पाहत म्हणाला, “माझ्या वडिलांच्या गोदामात हमाल अशाच खुणा करायचे. आम्ही वाचता येणारे फसायचो, ते कधी फसले नाहीत.” बाकीच्यांशी खाली आवाजात बोलला. मग सुनेला म्हणाला, “अर्ध्या डब्यांचं आता करतो. हंगाम जाऊ द्या, माल पाहू द्या, मग बाकीच्यांचं बोलू. मोटारीचं मात्र मी पुन्हा विचारणार.”

“इचारा,” सून म्हणाली. “मी पुन्हा हेच सांगन.”

तो हसला.

अर्ध्यात सगळ्या बाया बसत नाहीत. पण दोघींत एक डबा, म्हणजे दगड संपला. काकू बाहेर येऊन आधी सरबत प्यायली अन् मग रडली.

बसमध्ये मी सुनेला म्हणालो, “मले इचारलं नाही.”

“तुमी फोटो नाई म्हनले. खुनेचं नाई म्हनले का?”

“तुले इचारायला काय झालं होतं?”

“इचारलं असतं त नाई म्हनले असते.”

खरं आहे, म्हणालो असतो. मग मी म्हणालो, “टिंब चुकलं तुझं.”

“कसं?”

“तू मधात दिलं. ती मधात नाही देत होती. डाव्या रेघेकडं सरकून असतं. घाईनं करायची.”

सून माझ्याकडं पाहत राहिली, एका डोळ्यानं. मग तिनं दुपट्ट्याकडं हात पुढं केला. मी दुपट्टा लगेच नाही दिला. कारंजा येईपर्यंत खांद्यावर ठेवला. उतरताना दिला.

तो चष्मेवाल्या पोरीकडं गेला, तिथून छापणाऱ्याकडं. ते म्हणाले होते, फोटो काढून परत देऊ. मी रोज सुनेला विचारायचो, आला का. ती म्हणायची, “मामाजी, दुपट्टा हाये थो, बैल नाई, पयून जात नाई.”

परत आला तेव्हा नवी पाकिटं सोबत होती. पाकिटावर वर नाव, खाली दोन रेघा अन् टिंब, डावीकडं सरकलेलं, जिथं असायला पाहिजे तिथं. काकूनं एक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं अन् म्हणाली, “आता हे फेकलं त फेकू द्या. पोतं बी फेकतच होतो ना आपन.”

दुपट्टा मात्र धुतलेला होता. पोरीनं साबणानं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवला होता. तिला वाटलं असेल म्हातारा माणूस आहे, स्वच्छ देऊ. मी घडी मोडली. कोपरा शोधला. खूण होती. जशीच्या तशी, उलट कापड पांढरं झाल्यामुळं जास्त काळी दिसत होती.

आता सून म्हणते, दर आठ दिवसांनी धुवायला टाकत जा. टाकतो.